वखारीतला पाचवा दिवस

पूरमदतीचा हुकूम आला तेव्हा मी हवालदार होतो. आमच्या इंजिनिअर रेजिमेंटचा एक कॉलम जळगाव जिल्ह्यात जायचा होता. कॉलम म्हणजे काही डझन जवान, ट्रक, बोटी, बोटींना मागून लावायच्या मोटरी, दोर, लाइफ जॅकेट, वायरलेस सेट आणि एक डॉक्टर. बोटीच्या मोटरीला आम्ही ओबीएम म्हणतो. कॉलम कमांडर कॅप्टन मेनन होते. मुलूख माझा, म्हणून त्यांनी मला पुढच्या गाडीत बसवलं.

मी भीमराव तायडे, जामनेर तालुक्यातला. अजिंठ्याचा घाट उतरून कॉन्व्हॉय जामनेरकडे निघाला तेव्हा आमच्या गावाचा फाटा दिसला. फाट्यावर एसटीची वाट पाहणारी माणसं उभी होती. त्यात ओळखीचं कोणी आहे का ते मी पाहिलं. गाडी थांबली नाही. थांबवा असं मी म्हटलंही नाही.

शेजारी नायक प्रवीण देसले बसला होता. तो धुळे जिल्ह्यातला, शिंदखेडा तालुक्यातला. तापीकाठी वाढलेला, त्यामुळे पाण्याची भीती नाही. रेजिमेंटच्या टीममध्ये डावखुरी स्पिन टाकायचा. बाकीचे जवान वीस ओव्हरचे सामने बघत, हा फक्त टेस्ट बघे. बराकीत सगळे झोपले तरी हा कानात वायर घालून पडलेला असे. घरी फोन केला की आधी आईवडिलांची चौकशी, मग बायकोशी आणि मुलीशी बोलणं, आणि शेवटी वडिलांना पुन्हा बोलावून स्कोअर सांगणं. वडिलांना क्रिकेट कळत नसे. तरी ते "बरं, बरं" म्हणत ऐकून घेत.

"त्यांना कशाला सांगतोस?" मी एकदा विचारलं होतं.

"ते ऐकतस ना भाऊ," तो म्हणाला.

परेडवर तो मला उस्ताद म्हणे. एरवी भाऊ. खानदेशातले आम्ही दोघंच होतो त्या कंपनीत.

त्या वेळी आपली टीम इंग्लंडमध्ये होती. कॉन्व्हॉय रावेरला पोहोचला तो तिथल्या टेस्टचा तिसरा दिवस. एका शाळेच्या मैदानात आमचा तळ पडला. तो आणि पुढचा दिवस कामाचा गेला, पण त्यात विशेष काही घडलं नाही. तहसील कार्यालयातून गावाचं नाव येई, आम्ही बोट घेऊन जाऊ, म्हातारी माणसं, बाळंतिणी, शेरडं-करडं बाहेर काढू. लोक आम्हाला चहा देत. एका गावात एका आजीने देसलेच्या हातात कोंबडी दिली आणि ती बोटीत सांभाळून आण म्हणून बजावलं. त्याने ती शेवटपर्यंत काखेत धरली.

पाचव्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. लोक म्हणाले, सुटलो. कॅप्टन साहेबांनी मात्र कोणालाही स्टँड डाउन करून मोकळं सोडलं नाही. आमच्याकडे पाऊस थांबला असला तरी वर सातपुड्यात, मध्य प्रदेशाच्या बाजूला, आभाळ काळं होतं. खाली तापी आधीच फुगलेली. त्यामुळे डोंगरातून आलेल्या नदीचं पाणी तापीत शिरत नव्हतं, मागे पसरत होतं. मी काठावर एक बांबू रोवून त्यावर खुणा केल्या होत्या. दुपारी जेवून परत गेलो तर बांबूच दिसेना.

पाण्याचा रंगही बदलला होता. आदल्या दिवशी ते तांबडं होतं. आता काळपट झालं होतं आणि त्यावर फेसाचे गोळे, कडबा, केळीची पानं वाहत होती. कुत्री घरांच्या पत्र्यांवर चढून बसली होती आणि भुंकत नव्हती.

साडेतीनला तिकडे खेळ सुरू झाला. देसलेने सकाळीच मला समजावलं होतं. सामना जिंकणं आता शक्य नव्हतं. तो वाचवायचा होता. दिवस संपेपर्यंत सगळे बाद झाले नाहीत की झालं.

"धावा कोणी मोजत नही आज," तो म्हणाला. "आज नुसतं उभं राव्हानं."

संध्याकाळच्या सुमाराला आम्हाला तापीकाठच्या एका गावात पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक अजून आहेत. खालची आळी सकाळीच उंचावरच्या मराठी शाळेत हलवली होती. बोटीत मी, देसले आणि ओबीएम चालवणारा सॅपर जगतार असे तिघं होतो. शाळेच्या पायरीला बोट लावली तर एक वयस्कर बाई पदर खोचून पुढे आल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत होते.

"साहेब, आमचे हे आन् आमचा पुतन्या वखारीत हायेत. गावातले बाकीचे बी तिठीच. फोन उचलत नाहीत."

"वखार कुठं आहे?"

त्यांनी नदीच्या दिशेने हात केला. दूर, केळीच्या बागांपलीकडे, पत्र्याचं एक लांबट छप्पर दिसत होतं. चारही बाजूंनी पाणी होतं.

"ते तिथे करतात काय?"

"मॅच पाह्यतात," अक्का म्हणाल्या. "गावातली लाईन गेली न. वखारीत इन्व्हर्टर हाय." त्यांचा आवाज चढला नाही. पण बोलताना त्या माझ्याकडे नाही, त्या छपराकडे बघत होत्या.

वखार म्हणजे केळीचे घड आणून, धुऊन, खोक्यांत भरून ट्रकवर चढवायची जागा. मालक नाना महाजन, अक्कांचे यजमान, साठी ओलांडलेले. कारभार बघायचा त्यांचा पुतण्या वासुदेव. आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणात एक ट्रक चाकांपर्यंत बुडालेला होता. बोट त्याच्या दांडीला बांधली. पाणी वखारीच्या जोत्याला लागलं होतं.

आत पंचवीसेक माणसं होती. आम्ही तिघं युनिफॉर्ममध्ये, लाइफ जॅकेट घालून, ओलेचिंब दारात उभे राहिलो तरी कोणी मान वळवली नाही. कोणी क्रेटवर बसलेलं, कोणी प्लास्टिकच्या खुर्चीत. एक हमाल खोक्यावर एक पाय ठेवून उभा होता. दुसऱ्याच्या हातात चहाचा रिकामा कप होता आणि तो खाली ठेवत नव्हता. टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा. पत्र्याखाली तो घुमत होता.

नाना टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "साहेब, जिठी उभे हा तिठीच राहा. ही जोडी आल्यापासून कोनी जागा सोडली नाही."

देसलेच्या तोंडून आधी निघालं ते मला आठवतं. "कितला ग्यात?"

"सात गडी," वासुदेव म्हणाला. "आता हलायचं नाही."

मी सांगितलं की पाणी वाढतंय, वखार रिकामी करायची आहे, माणसं उठू देत. हुकमाच्या सुरातच सांगितलं. वासुदेव म्हणाला, "भाऊ, दरसाली पानी जोत्यापर्यंत येतं न उतरतं. आमी जन्मापासून पाह्यतो. चहापान होऊ द्या, मंग येतो."

"चहापान कधी?"

"आठनंतर."

तोवर अंधार पडला असता. मी आवाज चढवला. दोघंतिघं चुळबुळले, पण उठले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. भीती होती. पण ती चुकीच्या गोष्टीची होती. आपण उठलो आणि विकेट गेली तर ती आपल्यामुळे जाईल, अशी भीती. मी हे दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पंचवीस धडधाकट माणसं नदीच्या मधोमध बसून हलायला घाबरत होती.

देसले एक ओव्हर पूर्ण होईपर्यंत पडद्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हाही अडकला. ओव्हर संपली. तो कोपऱ्यात गेला आणि त्याने इन्व्हर्टरचं बटण बंद केलं.

एकदम आरडाओरडा झाला. वासुदेव उडी मारून आला आणि त्याने देसलेच्या जॅकेटचा पट्टा धरला. देसलेने हात वर केला नाही.

"मी बी पाच दिवसपासून देखी राह्यनू," तो म्हणाला. "आते आयका."

सगळे गप्प झाले. आणि मग पाणी ऐकू आलं. इतका वेळ टीव्हीच्या आवाजाखाली ते दबलं होतं. तो खळखळाट नव्हता. मोठ्या मालगाडीसारखा, न तुटणारा, खालून येणारा आवाज होता आणि तो मागच्या भिंतीच्या अगदी जवळ होता. वासुदेवचा हात आपोआप सुटला. कोणीतरी खाली बघितलं. दारातून पाण्याची एक पातळ जीभ आत आली होती आणि जमिनीवर पडलेले केळीच्या देठांचे तुकडे हळूहळू सरकायला लागले होते.

त्यानंतर कोणाला काही सांगावं लागलं नाही.

तीन फेऱ्या कराव्या लागणार होत्या. पहिल्या फेरीत वयस्कर माणसं न्यायची म्हटलं तर नानांनी नकार दिला. वखार माझी, मी शेवटी, म्हणाले. वाद घालायला वेळ नव्हता. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीला जगतार म्हणाला, "उस्ताद, करंट बढ़ गया है." मला ते दिसत होतं. शाळेकडे जाताना बोटीचं नाक सारखं खाली तापीकडे वळत होतं.

तिसऱ्या फेरीला गेलो तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि खोकी तरंगत होती. नाना, वासुदेव आणि सात-आठ हमाल टेबलावर चढून उभे होते. सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली. निघालो. उजेड अजून होता, पण करडा.

अर्ध्या वाटेवर मोटर थांबली.

जगतारने ओबीएम वर उचलायचा प्रयत्न केला. उचलला गेला नाही. खाली केळीची बाग होती, बोट तिच्या डोक्यावरून जात होती. बागेतलं ठिबक उपटून वर आलं होतं. काळ्या प्लास्टिकच्या लांबच लांब नळ्या, शेकडो, पाण्यात पसरलेल्या. त्या मोटरीच्या पंख्याला गुंडाळल्या होत्या. नळ्यांची दुसरी टोकं खाली जमिनीत अडकलेली. बोट दावणीला बांधल्यासारखी जागच्या जागी ओढली जात होती आणि मागची बाजू खाली दबत होती.

मी वायरलेसवर कॅप्टन साहेबांना गाठलं.

"टायगर, टायगर वन. मोटर जाम. बोट अडकली आहे. नऊ-दहा सिव्हिलियन. ओव्हर."

"टायगर वन, लोकेशन. ओव्हर."

"वखार आणि शाळेच्या मध्ये. केळीचं शेत. ओव्हर."

"बोट टू को भेज रहा हूँ. होल्ड ऑन. आउट."

बोट टू पुढच्या गावात होती. ती वेळेत येणार नाही हे कॅप्टन साहेबांना माहीत होतं आणि मलाही.

तेवढ्यात वासुदेवने वरच्या बाजूला हात केला. नदीच्या अंगाने एक हिरवट काळी पट्टी येत होती. वरच्या कुठल्या तरी गावची अख्खी बाग उपटून, खांब आणि पानं एकमेकांत गुंतून, तराफ्यासारखी वाहत येत होती. रुंदी किती ते सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंना तिचा शेवट दिसत नव्हता.

देसले जॅकेट काढत होता.

"जॅकेट घाल," मी म्हणालो.

"जॅकेट घाली खाले जाता येस नही, भाऊ."

ते खरं होतं. जॅकेट माणसाला वर ढकलतं आणि पंखा पाण्याखाली होता. मी त्याच्या कमरेला सेफ्टी लाइन बांधली. दुसरं टोक बोटीच्या कडीला पक्कं केलं. त्याने सुरी दातांत धरली आणि उतरला.

तो खाली जाई, वर येई, श्वास घेई, पुन्हा जाई. दर वेळी नळ्यांचे तुकडे वर येत. हमालांपैकी एकजण मोठ्याने देवाचं नाव घेत होता. नाना महाजन बोटीच्या कडेला पालथे पडून हाताने नळ्या बाजूला करत होते. तराफा जवळ आला तसा त्याचा वास आला. चिरलेल्या केळीच्या खांबाचा तो ओला, तुरट वास.

देसले वर आला. "भाऊ, मोटर!" एवढंच ओरडला.

जगतारने दोरी ओढली. मोटर लागली. बोट सुटली, पुढे झेपावली, आणि लगेच एका बाजूला कलंडली. तराफा पोहोचला होता. देसलेच्या पायांत नळ्या अडकल्या होत्या आणि त्या नळ्यांवर आता अख्खी बाग ओढ घेत होती. सेफ्टी लाइन ताठ झाली. ती त्याला वर काढत नव्हती. ती बोटीला खाली नेत होती. डाव्या बाजूने पाणी आत आलं. एक हमाल जवळजवळ बाहेर फेकला गेला, त्याला वासुदेवने पकडलं. मी आणि नानांनी लाइन धरून ओढली. देसलेचं डोकं आणि एक खांदा पाण्यावर होता. तो आमच्याकडेच बघत होता. त्याने बोटीत किती पाणी आलंय ते पाहिलं असावं.

मग लाइन सैल झाली.

बोट सरळ झाली. आम्ही लाइन खेचली आणि ती सहज आली. टोक तुटून धागे निघालेलं नव्हतं. सपाट होतं. सुरीने कापलेलं.

मी त्याला हाका मारल्या. जगतारने बोट दोनदा वळवून तराफ्याच्या कडेने नेली. तिसऱ्यांदा वळवायला निघाला तेव्हा मीच शाळेकडे हात केला. बोटीत नऊ-दहा माणसं होती आणि उजेड संपत होता.

शाळेच्या पायरीवर अक्का उभ्या होत्या. नाना उतरले, त्यांच्याजवळून सरळ पुढे गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कोणीही मोबाइल काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बाजूला भोयांना देसले सापडला. बाभळीच्या झुडपात अडकला होता. डाव्या पायाला नळीचे वेढे तसेच होते. हीच तापी तिथून पुढे जळगाव जिल्हा ओलांडून त्याच्या तालुक्यात जाते. आम्ही त्याला रस्त्याने नेलं. गावात सलामी झाली, तिरंगा कॅप्टन साहेबांनी त्याच्या पत्नीच्या हातात दिला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी लाइनचं टोक दाखवलं आणि पाहिलं तेवढं सांगितलं.

तेराव्याला मी रजा काढून गेलो. मांडवात बसलो होतो. सकाळी उशिरा एक ट्रक येऊन थांबला आणि त्यातून वखारीतली माणसं उतरली. सगळी आली होती. नाना पुढे, वासुदेव त्यांच्या मागे. ती ओळीने येऊन बसली. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं असणार, पण आता कोणाला सुरुवात करता येत नव्हती. मी देसलेच्या वडिलांना, आबांना, सांगितलं की हे कोण.

आबांनी त्यांच्याकडे एकेक करून बघितलं. चहा आणायला सांगितला. मग विचारलं, "मॅचनं काय व्हयनं?"

कोणाला समजलं नाही. त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"ती मॅच. तुम्ही देखी राह्यन्तात ती. त्यानं काय व्हयनं?"

वासुदेवने मान खाली घातली. "आमी नंतर पाह्यलं नाही, आबा. कोनीच नाही पाह्यलं."

"मंग देखा. तो अर्धी मॅच सोडी कधी उठे नही. माले त्यामानं काही समजस नही. तरी सांगा."

वासुदेवने मोबाइल काढला. त्याला पान सापडेना. शेवटी सापडलं. त्याने आम्ही टीव्ही बंद केला त्या ओव्हरपासून वाचायला सुरुवात केली. ती जोडी आणखी बराच वेळ टिकली होती. चहापानानंतर आठवा गडी गेला. मग नववा. वासुदेव प्रत्येक ओव्हर वाचत होता, कोणी टाकली, कोणी खेळली. मांडवातले बाकीचे लोकही जवळ आले. आबा मधूनमधून "बरं" म्हणत होते. शेवटच्या दोघांना बॅटिंग येत नव्हती, ते गोलंदाज होते. ओव्हरमागून ओव्हर ते चेंडू नुसता अडवत राहिले. शेवटच्या ओव्हरपाशी वासुदेवचा आवाज फुटला, तेव्हा नानांनी त्याच्या हातातून मोबाइल घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि ती ओव्हर चेंडू चेंडू करून वाचली.

"संपली," नाना म्हणाले.

"म्हणजे कोण जिंकनं?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "ड्रॉ झाली, आबा. आपले हरले नाहीत."

"शेवटला दोन्ही जण उभाच राह्यनात?"

"हो."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घराच्या दारात गेले. आत त्यांची सून मुलीला घेऊन बसली होती. त्यांनी उंबऱ्यातूनच तिला सांगितलं.

"बेटा, मॅच वाची गयी."

नायक प्रवीण देसले तेव्हा तीस वर्षांचाही नव्हता. नाना महाजन पुढे म्हातारपणाने वारले. त्या दिवशी वखारीतून बाहेर पडलेली बाकी सगळी माणसं आज जिवंत आहेत.